ग्रॅमराव आणि उजवा ढीग

वस्तीच्या टोकाला पत्र्याची एक लांबोडकी शेड होती आणि शेडच्या दारात जमिनीत बसवलेला वजनकाटा. काट्याशेजारी एक स्टूल, आणि त्या स्टुलावर गेली एकवीस वर्षं एकच माणूस. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. वस्ती त्याला ग्रॅमराव म्हणायची. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं ते चिडवायला ठेवलं होतं, पण ग्रॅमरावांना ती पदवी वाटे. कुणी नुसतंच 'अहो राव' म्हटलं, तर आपल्यातलं काहीतरी वजा झालं असं त्यांना वाटायचं.

काम तसं साधं होतं. वस्तीतल्या तीनशे घरांचा सुका कचरा शेडमध्ये यायचा, ग्रॅमराव तो तोलून घ्यायचे आणि आतल्या चौघीजणी तो निवडायच्या. कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक, म्हणजे कारखान्यात जाऊन ज्याचं पुन्हा काहीतरी होईल असं सगळं डाव्या ढिगात. ज्याचं कुणीच काही करत नाही ते उजव्या ढिगात. डावा ढीग गठ्ठे बांधून कारखान्यांना जाई. उजवा ढीग शनिवारी गाडीत चढे आणि गावाबाहेरच्या डेपोवर जाऊन कायमचा पडून राही.

हे साधं काम ग्रॅमरावांनी आपल्या परीनं अवघड करून ठेवलं होतं. गोणी काट्यावर ठेवली की आकडा दिसे, पण ते तो लगेच लिहीत नसत. आधी रिकाम्या गोणीचं वजन वजा करायचं. गोणीला चिखल असेल तर तो झटकायला लावायचा. एकदा एका गृहस्थांच्या गोणीवर मांजर बसून आलं, तर ते आपणहून उतरेपर्यंत त्यांनी अख्खी रांग थांबवून धरली. "मांजर यात धरता येत नाही," असं ते म्हणाले, आणि ते काही विनोदानं म्हणाले नव्हते.

रोज सकाळी ते आधी काट्याची परीक्षा घेत. फडक्यात गुंडाळलेलं पाच किलोचं पितळी माप काट्यावर ठेवून बघत. मग स्वतः उभे राहत. स्वतःचं वजन अर्धा किलो जास्त भरलं, तर ते जेवणाच्या डब्याकडे न बघता काट्याकडे संशयानं बघत.

त्यांचा आणखी एक नियम होता. शेडमध्ये आलेली वस्तू शेडची. त्यातली एक टाचणीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही, आणि त्यांनी स्वतः तर नाहीच नाही. एकवीस वर्षांत त्यांच्या घरी शेडमधून एकच गोष्ट गेली होती. ती म्हणजे धूळ, आणि तीही बायको दारातच झटकायला लावी.

त्या वर्षी वरच्या कार्यालयातून एक पत्र आलं. प्रत्येक वस्ती स्वतःच्या बळावर किती टिकाव धरते, हे आता तिच्या कचऱ्यावरून मोजणार होते. शेडमधून बाहेर जाणाऱ्या दर शंभर किलोंपैकी निदान साठ किलो डाव्या ढिगाचे असले पाहिजेत. दोन महिन्यांनी तपासनीस बाई येऊन एका आठवड्याचं वजन समोर उभं राहून बघतील. साठ भरले तर शेड राहील. नाही भरले तर शेड बंद, जागा गाड्या उभ्या करायला, आणि वस्तीचा सगळा कचरा एकत्र डेपोवर.

ग्रॅमरावांचा आकडा सत्तावन्न होता.

चौघींमधली सर्वांत मोठी, जिला सगळे मावशी म्हणत, तिनं पत्र ऐकून घेतलं आणि हातातली बाटली डाव्या ढिगात भिरकावली. "तीनच तर कमी आहेत ना? तुम्ही त्या गोण्यांची वजनं वजा करायचं सोडा. उद्या साठ होतील."

"मावशी, गोणी म्हणजे कचरा नव्हे."

"आणि आम्ही चौघी घरी बसलो म्हणजे?"

मावशीच्या घरी तिच्या एकटीच्या कमाईवर चार माणसं जेवत होती, हे ग्रॅमरावांना ठाऊक होतं. त्यांनी पितळी माप फडक्यानं पुसायला घेतलं. बोलायला काही सुचलं नाही की ते माप पुसत.

ही बातमी वस्तीत पसरली आणि वस्ती एकदम मायाळू झाली. एरवी ज्यांना कागद आणि खरकटं वेगळं ठेवायला सांगून सांगून ग्रॅमरावांच्या जिभेला फोड यायचे बाकी होते, ते लोक गोण्या भरभरून येऊ लागले. रहिवासी मंडळानं रंगीत कार्डं छापली. जे घर भरपूर सुका कचरा देईल त्याच्या दारावर हिरवं, बेताचा देईल त्याला पिवळं, आणि जे देणारच नाही त्याला लाल. मग काय, चढाओढच सुरू झाली. लोकांनी कपाटं उपसली, माळे रिकामे केले. शेजारणीला हिरवं मिळालं म्हणून एका घरानं आठवड्याला वीस बाटल्या सरबत प्यायला सुरुवात केली. त्या घरातली मुलं खूश होती, दात तेवढे नाराज होते.

सर्वांत उत्साही होते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी सदतीस वर्षं लोकांची पाकिटं तोलली होती, त्यामुळे ग्रॅमरावांना ते आपला धाकटा व्यवसायबंधू समजत. "काळजी करू नका हो," असं म्हणून ते रोज वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा काट्यावर ठेवत. तीन शेजाऱ्यांकडचे पेपरही त्यांनी मागून आणायला सुरुवात केली होती. त्यातल्या एकानं तो अजून वाचलेला नव्हता.

आणि ग्रॅमरावांच्या बायकोनंसुद्धा, नवऱ्याच्या काळजीनं, पुढच्या खोलीतली त्यांची मोडकी आरामखुर्ची उचलून शेडमध्ये पाठवली. तिचा एक पाय वर्षभरापूर्वी तुटला होता आणि तिथं विटा लावून ग्रॅमराव रोज संध्याकाळी त्याच खुर्चीत बसत. काट्यावर ती सात किलो तीनशे ग्रॅम भरली. मावशीनं तिला उलटसुलट केलं. लाकूड रंगवलेलं, कापड फाटलेलं, घेणारं कुणी नाही. खुर्ची उजव्या ढिगात गेली. ग्रॅमरावांनी वजन लिहिलं आणि थोडा वेळ ते माप पुसत बसले.

आता कार्डं चिकटवायचं काम आलं ते काट्यावरच्या माणसाकडे, कारण आकडे त्याच्याचकडे. दोनशे नव्याण्णव घरांना हिरवं किंवा पिवळं लागलं. उरलं एक घर. पत्राच्या आधीचे धरून अकरा आठवडे त्या घराच्या नावापुढे शून्य होतं. त्या घरात ग्रॅमरावांची सख्खी मोठी बहीण राहत होती.

हिला वस्ती लागेलताई म्हणायची. कुठलीही वस्तू हातात घेऊन ती आधी "असू दे" म्हणे, आणि मग "लागेल" म्हणे. बस, एवढ्या दोन शब्दांवर तिचा अडुसष्ट वर्षांचा संसार चालला होता. ग्रॅमराव आठ वर्षांचे असताना आई गेली आणि अठरा वर्षांच्या ताईनं त्यांना वाढवलं. त्यांचं पहिलं दप्तर तिनं मोडक्या छत्रीच्या कापडाचं शिवलं होतं. पोरं हसली खरी, पण भर पावसात वर्गात एकट्या ग्रॅमरावांच्याच वह्या कोरड्या असत. दप्तर जुनं झालं तेव्हा तिनं त्याची दळणाची पिशवी केली. पिशवी विरली तेव्हा त्याच कापडाच्या पट्ट्या काढून खिडकीच्या फटी बुजवल्या. ते कापड अजूनही त्या खिडकीत असेल, असं ग्रॅमरावांना वाटे. बघायचं धैर्य मात्र होत नसे, कारण बघायला गेलं की ताई काहीतरी उसवून शिवायला हातात देई.

अशा बाईच्या दारावर लाल कार्ड लावायचं होतं. ग्रॅमराव पहाटेच गेले, चोरासारखे कार्ड चिकटवून आले, आणि काट्यावर येऊन पाच किलोचं माप तीनदा तपासलं.

नऊ वाजता ताई आली. हातात कार्ड होतं. फाडलेलं नव्हतं, पाणी लावून, डिंक न दुखवता, अलगद सोडवलेलं होतं.

"काय रे धाकट्या, हे कुणी लावलं?"

"आकड्यांनी लावलं, ताई."

"आकड्यांना हात असतात? डिंक लावायला?"

रांगेतले लोक पुढे सरकायचे थांबले. मावशी आतून बाहेर आली. तिला असं काही चुकवायचं नसे.

"ताई, नियम आहे. सुका कचरा द्यायचा असतो. तुझं अकरा आठवडे शून्य आहे."

"अरे, निघतच नाही तर देऊ कुठून? शेजाऱ्याकडून उसना आणू?"

"नाही दिला की सहकार्य नाही असं धरतात."

"असं होय. मग उद्यापासून रोज एक सरबताची बाटली आणते. सरबत ओतते मोरीत आणि बाटली देते तुला. मग मी शहाणी?"

ग्रॅमराव प्रामाणिक माणूस. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हिरवं मिळेल."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. आपण काय बोललो ते ग्रॅमरावांनाही लगेच कळलं, पण शब्द काही काट्यावरून परत उचलता येत नाहीत. ताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आठव्या वर्षी पाढा चुकल्यावर पाहायची, अगदी तशीच. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून डाव्या ढिगाकडे गेली.

"अगंबाई! बरणी! झाकणासकट!"

ती सरळ आत गेली. बरणी उचलली. मग दुसरी. मग एक पत्र्याचा डबा, ज्याचा दोष एवढाच, की टोपण घट्ट बसत होतं. मग एकही पान न निसटलेलं पुस्तक. ग्रॅमराव मागे मागे, "ताई, मोजलेलं आहे ते, ताई, शेडचं आहे," करत राहिले. ताई सात बरण्या घेऊन बाहेर पडली आणि जाताना कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवून गेली. "हे घे. मागची बाजू कोरी आहे. लागेल."

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. ग्रॅमरावांनी डोळे वटारून पाहिले, पण ज्या बाईनं त्यांचं नाक पुसलं होतं तिच्यावर वटारलेल्या डोळ्यांचा काय परिणाम होणार! आठवड्याअखेर त्यांनी गणित मांडलं. डावा ढीग ताईमुळे घटला होता. पण त्याहून चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. वस्ती इतका कचरा देत होती, गोण्यांवर गोण्या येत होत्या, तरी आकडा सत्तावन्नवरून वर सरकला नव्हता. आता तर तो छप्पन्नवर आला होता. बाटल्या डावीकडे जात होत्या, पण बाटल्यांवरची चकचकीत वेष्टनं, रिकाम्या माळ्यांतल्या फाटक्या चपला, मोडक्या छत्र्या, जुन्या गाद्या उजवीकडे जात होत्या. वस्ती शेड वाचवायला जितकं फेकत होती, तितके दोन्ही ढीग वाढत होते.

"ग्रॅमराव," मावशी म्हणाली, "तुमची ताई आपली शेड पिशवीत घालून घरी नेतेय. रोज थोडी थोडी. तुम्ही बघत बसा."

"मी बोलतो तिच्याशी."

"बोलाल आणि अर्ध्या वाटेत तुम्हालाच सुईत दोरा ओवायला बसवेल ती."

मावशीचं माणसांचं निदान सहसा चुकत नसे. संध्याकाळी ग्रॅमराव बहिणीच्या घरी गेले, आणि "ताई, मला तुझ्याशी—" इतकं म्हणेपर्यंत त्यांच्या हातात सुई होती.

खोली लहान होती, पण तिथं अडगळ नव्हती. हे परक्या माणसाला कधी पटत नसे. भिंतीभर फळ्या, आणि फळ्यांवर शेडमधल्या त्या सात धरून चाळीसेक बरण्या. बटणांच्या तीन होत्या. एकीवर 'दोन भोकांची', दुसरीवर 'चार भोकांची', आणि तिसरीवर 'पुढे बघू' असं लिहिलेलं. खिळे, कड्या, बिजागऱ्या. कोपऱ्यात लाकडाचे तुकडे उंचीप्रमाणे लावून ठेवलेले, वर्गात पोरं उभी करावीत तसे. ताई खिडकीपाशी बसून एका छत्रीला काडी बसवत होती.

"ताई, तू डाव्या ढिगातून वस्तू नेऊ नकोस. आकडा खाली येतोय. शेड गेली तर मावशी आणि त्या तिघी कुठं जातील?"

ताईचा हात थांबला. तिनं हे आधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कार्डाच्या रागात तिनं विचारलंही नव्हतं.

"असं आहे होय? मला वाटलं, नुसती हिरव्या-पिवळ्याची हौस चाललीय."

"नाही गं. साठ भरले नाहीत तर शेडला कुलूप."

"बरं. पण मला एक सांग. त्या बरण्या फोडून, वितळवून कारखान्यात काय करणार?"

"बरण्या."

"मग एवढा वळसा कशाला रे?"

ग्रॅमराव दोरा ओवत राहिले. या प्रश्नाचं उत्तर वरच्या कार्यालयाच्या पत्रात नव्हतं. न फोडलेली बरणी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. ताईनं आयुष्यभर जे काही फेकलं नव्हतं, त्याचं वजन कुठल्याच काट्यावर दिसत नव्हतं, आणि म्हणून तिच्या दारावर लाल कार्ड होतं. हे त्यांना पटलं आणि फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की माप पुसायची सवय, पण इथं माप नव्हतं. त्यांनी समोरची छत्री उचलली.

"ही कुणाची?"

"तुझ्या उजव्या ढिगातली. डावीकडे तू फार डोळे मोठे करतोस, म्हणून दोन दिवस उजवीकडून उचललं."

"उजवीकडून?"

"तीन छत्र्या, एक स्टूल आणि एक गादी. गादी मावशीनंच पोचवली हो. म्हणाली, आमच्यानं ती बघवत नाही."

ग्रॅमरावांनी सुई खाली ठेवली. खिशातून काहीतरी काढलं. ते लाल कार्ड होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर ते भराभर आकडे मांडू लागले. डावीकडून दहा किलो गेले तर आकडा उतरतो. उजवीकडून दहा किलो गेले तर? डावा ढीग तेवढाच राहतो आणि एकूण बोजा कमी होतो. आकडा चढतो! त्यांनी पुन्हा मांडलं. पुन्हा चढला. सगळी वस्ती डावा ढीग वाढवायला धावत होती, आणि उजवा ढीग कमी करायचं कुणाच्या, खुद्द त्यांच्याही, डोक्यात आलं नव्हतं.

"ताई, उजवीकडून किती नेता येईल गं तुला?"

"आता कसं! काल मी चोर होते."

"ताई—"

"आणि लाल."

"ताई, किती?"

"आधी ती सुई उचल. पायात जाईल."

दुसऱ्या दिवशी ग्रॅमरावांनी तपासनीस बाईंना फोन लावला. उजव्या ढिगातलं कुणी वापरायला नेलं तर चालेल का, असं अदबीनं विचारलं. त्या घाईत होत्या. "आत काय आलं ते मला नको," त्या म्हणाल्या. "गाडीत काय चढलं आणि कारखान्याला काय गेलं, तेवढं सांगा." ग्रॅमरावांचा एकवीस वर्षांचा नियम त्या एका वाक्यानं मोडला. त्यांनी तो लगेच नव्यानं बांधला: वस्तू बाहेर जाऊ शकते, पण जाताना तोलून. आणि काट्यावरच्या माणसाच्या घरी नाहीच.

ताईनं डाव्या ढिगाला हात न लावायचं कबूल केलं. पहिले काही दिवस ती तिथून जाताना तोंड फिरवून जाई, पथ्यावरच्या माणसानं मिठाईच्या दुकानावरून जावं तशी. पण उजव्या ढिगापाशी तिनं एक जुनं टेबल मांडलं आणि कंबर कसली. नाडी तुटलेली पिशवी, सांधा सुटलेलं स्टूल, टाच निघालेली चप्पल आधी टेबलावर यायची. आठवड्यातले तीन दिवस ताई आणि बाकीचे, ज्याला जे येतं ते, तिथं करायचे, आणि ज्याला वस्तू हवी तो काट्यावर तोलून घेऊन जायचा. जिचं काहीच होणार नाही तीच वस्तू ढिगात राहायची. एका सुतारानं पटाशी आणली. शिंपीकाम येणाऱ्या दोघीजणी आल्या. लोक लाजत लाजत आपलीच वस्तू परत न्यायला येऊ लागले.

"ही छत्री छान दिसतेय," पोस्टमास्तर म्हणाले. "मला अगदी अशीच हवी होती."

"तुमचीच आहे ती," ताई म्हणाली. "दांड्यावर तुमचं नाव आहे, तुमच्याच अक्षरात."

"असं का? तरीच छान दिसली."

सरबताचं घर पुन्हा पाण्यावर आलं. आकडा अठ्ठावन्न झाला, मग एकोणसाठ. एवढ्या धामधुमीत एक वस्तू मात्र कुणी उचलेना, ती म्हणजे तीन पायांची आरामखुर्ची. ताईनं कापड नवं लावलं, पण पाय कुठून आणणार? सुतारानं मान हलवली. खुर्ची टेबलावरून पुन्हा ढिगात गेली. ग्रॅमराव तिच्याकडे बघत नसत, हे मावशीच्या बरोबर लक्षात आलं होतं.

तपासणीचा शनिवार उजाडला. तपासनीस बाई वेळेवर आल्या. चष्मा, वही आणि कुठल्याही दुर्गंधीला न दचकणारं नाक. अर्धी वस्ती रस्त्यावर उभी होती. डाव्या ढिगाचे गठ्ठे एकेक करून काट्यावर चढले. अखेरीस पोस्टमास्तरांचा गठ्ठा आला, अकरा किलो. तो धरून डावी बाजू सहाशे सहा किलो. उजवी बाजू बरोबर चारशे. ग्रॅमरावांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. साठाच्या वर!

मग त्यांनी सवयीनं त्या शेवटच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला. हात थांबला. त्यांनी दोरी सोडली. वरचे चार पेपर कोरडे होते. खालचे ओलेचिंब.

"मास्तर, हे काय?"

"दव पडलं असेल," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांची नजर आभाळाकडे होती.

"आतल्या पानांवर?"

पोस्टमास्तर सुटलेली दोरी गुंडाळू लागले. सदतीस वर्षांत त्यांनी एका पाकिटावरही खोटा शिक्का मारला नव्हता. आज प्रेमापोटी बादलीत पेपर बुडवले आणि लगेच पकडले गेले.

"कारखाना ओला कागद घेत नाही," ग्रॅमराव म्हणाले. "वाळवून पुढच्या आठवड्यात जाईल. हा आज धरायचा नाही."

रस्त्यावर एकच उसासा उठला. पाचशे पंच्याण्णव आणि चारशे. एकोणसाठ पूर्णांक आठ.

तपासनीस बाई वाटल्या होत्या तेवढ्या कडक नव्हत्या. त्यांनी वहीवर पेन टेकवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "साठच धरू या की. एवढं काय!"

"हो बाई, धरा!" मावशी म्हणाली.

ग्रॅमराव उभे राहिले. "नको, बाई. मी या लोकांच्या गोणीचं वजन वजा करत आलोय. त्यांचं मांजरसुद्धा उतरवलंय. आता माझ्या पोटासाठी दोन दशांश वाढवून घेतले, तर उद्या कुणाची गोणी कुठल्या तोंडानं तोलू?"

"अहो, तुमच्या तोंडाचं जाऊ दे," मावशी कळवळून म्हणाली, "आमच्या तोंडचा घास—" आणि ती थांबली, कारण ग्रॅमरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांच्या हातात माप नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून लागेलताई पुढे आली. हातात लाकडाचा एक तुकडा होता, काळपट, कातीव काम केलेला.

"धाकट्या, गाडीत अजून काही चढलेलं नाही ना?"

"नाही."

"मग ती खुर्ची मला दे. काल रात्रभर डोळ्यापुढे नाचत होती. सकाळी फळीमागे हात घातला आणि हा मिळाला. एकतीस वर्षांपूर्वी शेजारच्यांचं टेबल मोडलं, तेव्हा ठेवला होता."

"टेबलाचा पाय?"

"पाय तो पाय."

सुतार पुढे आला. पाय लावून पाहिला. "बसतोय," तो म्हणाला. "अर्धं बोट आखूड आहे, पण बसतोय."

ग्रॅमराव अजूनही ग्रॅमरावच होते. त्यांनी बहिणीला सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, खरंच वापरणार ना? का नुसती माझ्यासाठी नेतेस?"

"तुझ्यासाठीच नेतेय. म्हणजे तुला वापरायलाच. तुझ्या घरात तुझा तो नियम, म्हणून माझ्या घरात ठेवीन. येऊन बस. आता तोल आणि मोकळा हो, माझे हात दुखतायत."

खुर्ची काट्यावर चढली. सात किलो तीनशे. पायाचं वजन ग्रॅमरावांनी आधीच वजा केलं होतं, कारण तो शेडचा नव्हता. उजवी बाजू तीनशे ब्याण्णव किलो सातशे. त्यांनी भागाकार केला, बाईंनी केला, पोस्टमास्तरांनी बोटांवर केला. साठ पूर्णांक दोन.

आरडाओरडा किती झाला ते सांगण्यात अर्थ नाही. मावशीनं ग्रॅमरावांच्या पाठीत असा धपाटा घातला की तो काट्यावर घातला असता तर बराच भरला असता. तपासनीस बाईंनी सही केली. मग ताईच्या टेबलाकडे बघत विचारलं, "इथून लोकांनी जे परत नेलं, त्याचं वजन ठेवलंय का?"

"ठेवलंय ना," ग्रॅमराव म्हणाले. त्यांनी खिशातून लाल कार्ड काढलं. मागची बाजू बारीक आकड्यांनी गच्च भरली होती. बाई बराच वेळ ते वाचत राहिल्या. "याला आमच्याकडे रकाना नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "विचारून बघते." त्यांनी कार्ड वहीत ठेवलं. ताई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "वाचून झालं की परत पाठवा हं."

सोमवारपासून डाव्या ढिगावरचं पथ्य सुटलं. ताईनं पहिल्याच दिवशी चार बरण्या नेल्या, तोलून.

ग्रॅमराव आता संध्याकाळी बहिणीच्या घरी जातात. खुर्ची खिडकीपाशी आहे, एका बाजूला अर्धं बोट कललेली. पहिल्या दिवशी ते बसले, उठले, चारी पाय बघून आले, पुन्हा बसले.

"ताई, कलतेय गं. एक पातळशी चकती लावली की—"

"आहे माझ्याकडे. देऊ काढून?"

ताई उठू लागली. ग्रॅमरावांनी पाठ टेकली. खिडकीच्या फटीत छत्रीच्या काळ्या कापडाची एक पट्टी दिसत होती. त्यांनी ती आज पहिल्यांदाच नीट पाहिली.

"नको," ते म्हणाले. "असू दे."

ताई मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिली, पुढचा शब्द येतो का ते ऐकायला.